खर्ज, खिसा आणि स्पष्टता

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने बेस गिटार वाजवली. वाजवली म्हणजे त्याची बोटे हलताना दिसली. ऐकू आला तो केवळ एक सलग घुमारा. कुठला स्वर कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे काही केल्या उमगेना. दुसऱ्या दिवशी तो खिन्न होऊन सांगू लागला, की वाद्यांच्या दुकानदाराने दोष शोधून दिला आहे : गिटार स्वस्तातली, अ‍ॅम्प्लिफायर पंधरा वॉटचा, तेव्हा निदान एक कॉम्प्रेसर पेडल तरी घ्यावेच लागेल. त्यासाठी शिष्यवृत्तीचे पैसे मोडण्याची त्याची तयारी होती. दुकानदाराचा हा निर्वाळा मला मुळातच चुकीचा वाटतो. वाद्याच्या अस्पष्टतेचे खापर वाजवणाऱ्याच्या गरिबीवर फोडले, की विचार करण्याचे कष्ट वाचतात, इतकेच.

आधी थोडे ध्वनिशास्त्र. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार 'ई' ह्या स्वरात लावतात. तिची कंपने सेकंदाला सुमारे ४१. सरावाच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधला आठ इंची स्पीकर हा मूळ स्वर धडपणे उमटवूच शकत नाही. तरीही स्वर कळतो, कारण त्याच तारेतून ८२, १२४, १६५ असे वरचे स्वयंभू स्वरही निघत असतात आणि त्यांच्यावरून आपला कान न ऐकलेला मूळ स्वर उभा करतो. तानपुऱ्याच्या खर्जाची गोष्ट फार वेगळी नाही. घोडीवर तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवून जवारी जमवली, की तोच खर्ज बोलू लागतो. तार जाड झालेली नसते, वरचे स्वर मोकळे झालेले असतात. मिरजेच्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. असो.

नवशिका नेमके उलटे करतो. आपले वाजवणे ऐकू येत नाही म्हणून 'बेस' लिहिलेले बटण शेवटपर्यंत पिळतो. त्याने घुमारा वाढतो, स्वर आणखी बुडतो. ते बटण मागे घेऊन 'मिड' थोडा वाढवावा. खोलीत एकट्याने ऐकताना हा आवाज किरटा वाटेल, पण ड्रम आणि इतर गिटारी सुरू झाल्या की तोच उठून ऐकू येईल. अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यात जमिनीवर ठेवला असेल, तर उचलून भिंतीपासून दूर एखाद्या खुर्चीवर ठेवावा, कारण कोपरा खालचे स्वर फुगवतो. खुर्ची प्रत्येक घरात असते.

खरा प्रश्न मात्र हाताचा आहे. 'ए' तारेवर वाजवत असताना 'ई' तार आपोआप कंप पावते आणि तिचा घुमारा सगळ्यांखाली साचत राहतो. उजव्या हाताचा अंगठा त्या तारेवर टेकवून तिला गप्प करणे, डाव्या हाताचे बोट पडद्याच्या अगदी मागे ठेवणे आणि स्वर संपवायचा तिथे खरोखर संपवणे, ह्यांना एक रुपयाही लागत नाही. लागतात ते महिने. बेसमध्ये विराम हा स्वराइतकाच वाजवावा लागतो. विरामचिन्हांशिवाय लिहिलेल्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रिकांवर १९६०च्या दशकात ज्याचा बेस ऐकू येतो, त्या जेम्स जेमरसनचे उदाहरण इथे बोलके आहे. त्याची फेंडर प्रिसिजन १९६२ची, म्हणजे वाद्य उत्तमच. पण तारा चपट्या वेटोळ्यांच्या, आणि त्या तो क्वचितच बदलत असे. ब्रिजजवळ स्पंज, छेडायला मुख्यतः एकच तर्जनी, आणि बहुतेक वेळा गिटारची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेत. झगझगीत आवाज त्याला नकोच होता. तरी त्याचा स्वर अन् स्वर वेगळा कळतो. स्पष्टता आणि चकाकी ह्या दोन गोष्टी आहेत, आणि दुकानात बहुधा दुसरीच विकली जाते.

पैशाला काहीच अर्थ नाही असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. मान वाकलेली असेल, तारा पडद्यांवर खरखरत असतील, तर जाणत्या कारागिराकडून गिटार एकदा जुळवून घ्यावी. तो खर्च योग्यच. घामाने मेलेल्या तारांत वरचे स्वर उरत नाहीत, म्हणून ज्याला मोकळा, टणत्कारी आवाज हवा त्याने नवा संच घ्यावा. तेवढेही जमत नसेल तर जुन्या तारा काढून दहा मिनिटे पाण्यात उकळाव्यात आणि नीट कोरड्या करून पुन्हा चढवाव्यात. चार-आठ दिवस त्या पुन्हा बोलतात. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर स्क्रू फिरवून खाली घ्यावा. कॉम्प्रेसरची पाळी ह्या सगळ्यानंतर, कारण तो कमी-जास्त आवाज एका पातळीवर आणतो. अडखळणारी बोटे सरळ करत नाही.

विद्यार्थ्याला हे पुरते पटलेले नाही. पेडलमुळे आत्मविश्वास येतो, असे त्याचे म्हणणे, आणि ते मला खोडून काढता आले नाही. तूर्त आमचा करार असा, की शिष्यवृत्तीला दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. तोवर रोजचा सराव मोबाइलवर मुद्रित करायचा आणि त्याच मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर ऐकायचा. भांडी घासायच्या स्पंजाचा एक तुकडा मी त्याला घरून कापून दिला आहे.