नर्सिंगची फी पऱ्हाटीच्या भरवशावर भरू नका



बारावीचा निकाल लागला की खाप्याच्या बाजारात आणि सावनेरच्या बस स्टँडवर एकच बोलणे ऐकू येते. पोरगी हुशार आहे, नर्सिंगला टाकायची आहे, पैसा कुठून आणायचा? मग बाप पीककर्जाच्या पैशाला हात लावतो, तेही पुरले नाही की सावकाराचे दार. पोरीला शिकवू नका असे आम्ही म्हणणार नाही, उलट लग्नाच्या मांडवात एका दिवसात उडणाऱ्या पैशापेक्षा हा खर्च शंभर पटीने शहाणपणाचा आहे. आमचे भांडण आहे ते हा खर्च पिकाच्या माथी मारण्याशी.

हिशेब पाहा. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. फी भरायची वेळ येते पोळा ते दसरा या दिवसांत. तेव्हा पऱ्हाटी डवरणीवर असते, ज्वारी अजून कणसावर यायची असते, सीतादहीसुद्धा झालेली नसते. घरातला सगळा पैसा बियाण्यात आणि खतात मातीखाली गेलेला. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी तिचा पैसा येतो उलंगवाडी झाल्यावर, कधी त्याच्याही नंतर. या मधल्या सहा-आठ महिन्यांवरच सावकार जगतो. योजना कागदावर आहेत, नाही असे नाही. पण ज्या महिन्यात पैसा पाहिजे त्या महिन्यात तो नसेल, तर कोरडवाहू कास्तकाराला त्याचा उपयोग पाऊस गेल्यावर आलेल्या बियाण्याइतकाच.

तरीही कागद सोडू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आधी ही माफी निम्मी होती. अट एकच, पण महत्त्वाची : प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही. एजंट 'सीट पक्की करून देतो' म्हणतो ती बहुधा हीच जागा असते, आणि माफी गेल्याचे बापाला कळते पैसे देऊन झाल्यावर. एएनएम-जीएनएमची ज्या शाळेत चौकशी कराल तिथे पहिला प्रश्न हा विचारा : ही जागा माफीत बसते का? आणि शाळेचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, हा दुसरा. यादीत नाव नसलेल्या शाळेचा कागद घेऊन पोरीची नोंदणी होत नाही, नोंदणी नाही तर सरकारी भरतीत उभे राहता येत नाही.

अनुसूचित जातीच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पंजाबराव आपल्याच वऱ्हाडातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री झालेले. त्यांच्या नावाची योजना आपल्या लेकरांना माहीत नसावी, याला काय म्हणावे?

शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून ती फी प्रवेशाच्या वेळी वसूल करू नका, असे शासनाने कॉलेजांना वेळोवेळी बजावले आहे. कॉलेजवाले मागतातच. आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, म्हणतात. मागितली तर तोंडी वाद घालू नका, लेखी मागा. लेखी द्यायची पाळी आली की पुष्कळांचा आवाज खाली येतो.

आता कर्ज. नर्सिंगची मान्यताप्राप्त पदवी आणि पदविका दोन्ही बँकांच्या शैक्षणिक कर्जात बसतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणजे सातबारा गहाण पडत नाही. हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र त्या काळातही चढते, म्हणून कापसाचा चुकारा आला की थोडेथोडे भरत जावे. मॅनेजर म्हणेल, तुमचे पीककर्ज थकीत आहे, पोरीला कर्ज कसे देऊ? केरळ उच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे की आईबापाचा बँकेतला पत-इतिहास खराब आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही, पाहायची ती शिकून कमावणाऱ्या मुलाची फेडण्याची ताकद. तो निकाल आपल्या राज्यातला नाही हे खरे, पण मॅनेजरसमोर ठेवायला काय हरकत आहे? आणि नकार दिलाच तर कारणासकट कागदावर घ्या.

काही जुने कार्यकर्ते विचारतात, आपण तर भीक मागत नाही, घामाचा दाम मागतो, मग ही माफी कशी घ्यायची? प्रश्न चांगला आहे. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. मध्य प्रदेशाची हद्द सावनेरहून हाकेच्या अंतरावर, पण पलीकडे जास्त भाव असला तरी आपली बंडी तिकडे नेणे गुन्हा होता. ज्वारीवर लेव्ही होती. त्या वर्षांत आपल्या घरातून जे गेले, त्यातून या फीचा पैसा कितीतरी वेळा फिटला असता. तेव्हा संकोच धरायचे कारण आम्हाला दिसत नाही.

मागणी आमची साधी आहे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यातच जमा झाला पाहिजे. तोवर जिल्हा सभेला येताना ज्यांच्या घरी बारावीची मुलगी आहे त्यांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ओबीसी असल्यास नॉन-क्रीमीलेअर, सातबारा आणि आधार जोडलेल्या खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स सोबत आणावी. महाडीबीटीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलींच्या बापांनीही यावे.