अंथरूण आणि पाय





दर अंकात मी या पानावर परीक्षा, शिस्त आणि गणवेश यांविषयी लिहितो. या वेळी एक कबुली द्यावयाची आहे, आणि तिच्या मागोमाग एक मागणी करावयाची आहे. माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. भाषेत काही उणे आढळल्यास नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.

जून महिन्यात पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी प्रत्येकाला विचारत होतो, पुढे काय करणार? कोणी इंजिनिअरिंग म्हणाले, कोणी नर्सिंग, कोणी सैन्यात भरती. एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, मला बर्फावर स्नोबोर्ड चालवायला शिकायचं आहे. त्यातलं कार्व्हिंग.’’ मी म्हणालो, ‘‘अगं, आपल्या पिरनवाडीत बर्फ मिळतो तो फक्त रसवंतीत!’’ सगळा वर्ग हसला. तीही हसली आणि खाली बसली. पुढचे दोन महिने माझ्या तासाला तिने हात वर केला नाही.

ऑगस्टमध्ये तिचे वडील आले. उद्यमबागेत लेथवर काम करतात. म्हणाले, ‘‘सर, पोरगी काय म्हणत्या काय कळंना झालंय. ही वही तेवढी बघा.’’ दोनशे पानी वही होती. रेल्वेचे भाडे, मुक्काम, कोणती वस्तू भाड्याने घ्यायची, कोणती जुनी घ्यायची, कोणती नवीच घ्यायची, सगळा हिशेब मांडलेला. रात्री जेवणानंतर मी ती वही वाचली आणि मला माझ्या विनोदाची लाज वाटली. ज्या मुलीला मी हवेत तरंगणारी समजलो, तिने पैशाचा विचार माझ्यापेक्षा बारकाईने केला होता.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हते. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. तिच्यावर दोन्ही पाय बांधून, थोडे आडवे उभे राहून उतारावरून यायचे. फळीला दोन्ही बाजूंना पोलादी धार असते आणि फळी मध्यभागी कमरेसारखी निमुळती असते. नवखा माणूस वळताना फळी फरफटत नेतो. कार्व्हिंगमध्ये तसे नाही. फळी धारेवर कलवायची आणि तिच्यावर भार द्यायचा. मग ती वाकते आणि आपल्या आकारानेच वळण घेते. मागे बर्फावर चंद्रकोरीसारखी एक बारीक रेघ उरते. यातील अल्पाइन प्रकारात फळी लांब, अरुंद आणि कडक असते, बूटही कडक असतात आणि पाय पुढच्या दिशेला वळवून बांधतात. वडिलांना मी हे वाचून दाखवले तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘‘म्हणजे टूलचा अँगल चुकला की जॉब खराब, तसंच की.’’ अगदी तसेच.

हा खेळ श्रीमंतांचा, असे आपण धरून चालतो. त्याची सुरुवात मात्र घरगुती आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शेरमन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. तिचे नाव पडले स्नर्फर, आणि त्यातून पुढे स्नोबोर्ड आला. १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो ऑलिम्पिकमध्ये गेला. २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चेक देशाच्या एस्टर लेडेत्स्काने स्की आणि स्नोबोर्ड या दोन्ही खेळांत सुवर्णपदक मिळवले. स्कीच्या शर्यतीत तिच्या पायात मिकाएला शिफ्रिन या अमेरिकन खेळाडूकडची वापरलेली स्की होती आणि ती सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली. जुन्या वस्तूची लाज बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता वहीतला हिशेब. मला पटलेल्या गोष्टी क्रमाने सांगतो, कारण त्या कोणत्याही महागड्या खेळाला लागू पडतात.

पहिली गोष्ट, जे घरी शिकता येते ते घरीच शिकावे. गुडघे वाकवणे, शरीराचा तोल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेणे, पडताना हात न टेकता पडणे, यांसाठी बर्फ लागत नाही. ही मुलगी सहावीपासून चाकांवर स्केटिंग करते. बेळगावात हा खेळ नवा नाही. २०११ साली टिळकवाडीत एका मुलाने ओळीने उभ्या केलेल्या मोटारींच्या खालून ३८.६८ मीटर स्केटिंग करून गिनीज बुकात नाव नोंदवले. मनालीच्या शिव केशवनने हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर चाके लावलेल्या घसरगाडीचा सराव केला आणि १९९८ ते २०१८ अशी सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळली. अर्थात, म्हणून कोणी खानापूर रोडवर किंवा जांबोटीच्या उतारावर चाकांची फळी घेऊन उतरू नये. तसे दिसल्यास पालकांना बोलावण्यात येईल.

दुसरी गोष्ट, आधी शिक्षण, मग खरेदी. गुलमर्ग येथे भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. मनालीत १९६१ साली सुरू झालेली सरकारी गिर्यारोहण संस्था आहे. उत्तराखंडात औली आहे. अशा ठिकाणी शिकवणी, राहणे-जेवण आणि सामान मिळून एकच शुल्क असते, त्यामुळे नवख्याला काहीच विकत घ्यावे लागत नाही. तिथे मुख्यतः स्की शिकवतात, पण बर्फाची ओळख आणि धारेचे तत्त्व तेच. बोर्ड नंतर गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतो. कडक बूट आणि अल्पाइन फळी यांचे नाव पहिल्या वर्षी काढायचेच नाही. साध्या मऊ बुटांवर पाया पक्का करायचा.

तिसरी गोष्ट, कुठे वाचवायचे आणि कुठे नाही. फळी जुनी चालते. फळीची धार कानशीने लावता येते, आणि ते काम वडिलांच्या हातचे आहे. तळाला मेण लावायला घरातली जुनी इस्त्री पुरते, मात्र ती पुन्हा कपड्यांना वापरू नये. पुढे कडक बूट लागतील तेव्हा सुरुवातीला स्कीचे जुने बूटही चालतात, पण फार जुने नकोत, कारण त्यांचे प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते. हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक मात्र नवेच घ्यायचे. नवख्यांचे मनगट सर्वांत आधी मोडते. वहीत या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या आहेत.

प्रवासासाठी तिने गोवा एक्सप्रेसचा विचार केला आहे. ती बेळगावहून थेट निजामुद्दीनला जाते. २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरलाही रेल्वे जाते. बर्फाचा भरवसा नसतो, हेही तिने लिहिले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फ कमी पडल्याने पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. म्हणून एक आठवडा हाताशी जादा ठेवला आहे.

आता विरोधी बाजू. ती माझ्याच घरातली आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या बदल्यांमुळेच मी उत्तरेत हिंदीत शिकलो. एका हिवाळ्यात चौकीवरून परतले तेव्हा त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे काळी पडली होती. ते म्हणत, ‘‘बर्फ ही बघायची गोष्ट नाही, सोसायची गोष्ट आहे.’’ आपल्या भागात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक तरी जवान असा बर्फ सोसून आला आहे. त्यांच्यापुढे खेळाची गोष्ट काढताना मला संकोच वाटतो. पण वही वाचताना वाटले, आपल्या माणसांनी बर्फात उभे राहून पहारा करावा हे आपल्याला सहज पटते, आणि आपल्या मुलीने त्याच बर्फावर आनंदाने वळण घ्यावे हे मात्र पटत नाही. असे का? धोका खरा आहे. हिमकडे कोसळतात, हाडे मोडतात. म्हणूनच प्रशिक्षकाशिवाय नाही, आखलेल्या उताराबाहेर नाही, आणि पहिल्या वर्षी गुलमर्गच्या वरच्या गोंडोलावर नाही. या तीन अटी मी घातल्या आणि तिने त्या वहीत लिहून घेतल्या.

दुसरा आक्षेप शाळा समितीतला. क्रीडानिधीतून १५,००० रुपये एका मुलीला का द्यावे, तेवढ्यात कबड्डीच्या संघाचे गणवेश होतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला तेव्हा मातीतल्या कुस्तीत मुरलेला, मॅट त्याला नवी होती. तरी सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, असे सांगतात. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मी खर्डेकरांच्या पायाशी बसण्याच्याही योग्यतेचा नाही. आमची मुलगी पदक आणील असेही मी म्हणत नाही, बहुधा आणणार नाही. पण एका प्राचार्याने घर गहाण टाकले आणि दुसऱ्याने विनोद केला, एवढा फरक मला झोपू देत नाही.

म्हणून माझे मत असे. रक्कम द्यावी, पण बिनव्याजी उसनी म्हणून. तीन वर्षांत ती परत करावी. व्याजाऐवजी तिने आल्यावर दर रविवारी शाळेच्या मैदानावर लहान मुलांना स्केटिंग शिकवावे. कबड्डीचे गणवेश यंदाच व्हावेत, त्यासाठी माझ्या एका महिन्याच्या पगारातून मी भर घालीन. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांना विनंती की तिथे बर्फाळ भागात कोणी असाल आणि अडगळीत धड अवस्थेतली फळी पडली असेल, तर शाळेला कळवावे. निर्णय पुढच्या पालकसभेत सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. परीक्षा मार्चमध्ये, बर्फ त्यानंतरच्या हिवाळ्यात. घाई नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मुलांना सांगतो. हिंदीत यालाच चादर म्हणतात, अर्थ तोच. म्हण खरी आहे, आणि या मुलीने ती आपल्या सर्वांपेक्षा चांगली पाळली आहे. अंथरूण किती ते तिने फूटपट्टीने मोजले आहे. पण अंथरूण लहान म्हणून पायच कापावेत, असे ती म्हण कुठेही सांगत नाही. शिक्षक आणि आईवडील घाईघाईत नेमके तेच करून बसतात.

वही मी तिला परत दिली आणि वर्गासमोर माझी चूक कबूल केली. वर्ग पुन्हा हसला, या वेळी मला. ते योग्यच झाले.

आपला,
प्राचार्य