पंचेचाळिशीतल्या टर्नरला कोण शिकवणार?

प्रति,
मा. श्रम, कौशल्य विकास व रोजगार मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर



बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावलंत तर एक पंचेचाळिशीतला टर्नर हमखास भेटेल. वीसेक वर्षं सेंटर लेथवर काढलेला. कटाचा आवाज बदलला, चिप निळी पडली, की न बोलता स्पीड-फीड जुळवून घेणारा. मालकाने कर्ज काढून सीएनसी लेथ आणला, त्यावर कोर्स केलेला पोरगा बसला आणि टर्नर जॉब चढवण्या-उतरवण्यापुरता उरला. पोराला ऑफसेट भरता येतो, पण टूल का तुटतंय ते उमगत नाही. टर्नरला ते उमगतं, पण पॅनेलला हात लावायचा धीर होत नाही.

पोराच्या शिकण्याला सरकारचा हात आहे, आणि तो हवाच. २०१६च्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा केंद्राने उचलला. टर्नरच्या वाट्याला काय आलं? पंतप्रधान कौशल विकास योजनेतलं आरपीएल, म्हणजे आधीच्या कौशल्याला मान्यता. त्याचा मुख्य भर आधीपासून येतं त्याची परीक्षा घेऊन दाखला देण्यावर. नव्या यंत्रावर हात बसायला वेळ लागतो, त्याचा पगार कुणी द्यायचा?

छोट्या मालकाला फीपेक्षा खाडा महाग पडतो. आठ माणसांतला एक पंधरा दिवस वर्गात बसला तर ऑर्डर लटकते आणि पगार चालूच राहतो. वर धास्ती ही की, शिकून तयार झालेला माणूस समोरचा शेडवाला दोन पैसे जास्त देऊन पळवेल. म्हणून हा शिकवत नाही, तोही शिकवत नाही, आणि दोघेही ‘सीएनसीला माणूस मिळत नाही’ म्हणून ओरडतात. सरकारी पैसा लागतो तो नेमका इथे. माणूस शेड बदलेल, पण त्याचं कसब बहुधा याच वसाहतीच्या कामी येईल.

सिंगापूरने १९७९ मध्ये मालकांकडून पगाराच्या प्रमाणात छोटा आकार घेऊन कौशल्य निधी उभारला. पुढे तिथे प्रशिक्षणाला गेलेल्या कामगाराच्या त्या तासांच्या पगारालाही मदत मिळू लागली. आपल्याकडे नवा कर नको. पण खाड्याची भरपाई हे सूत्र घेण्यासारखं आहे.

माझी मागणी मोजकी आहे. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या वर्कशॉपला प्रशिक्षणाच्या तासांचा निम्मा पगार द्या. गोरवा आणि तरसालीच्या आयटीआयमध्ये संध्याकाळच्या तुकड्या काढा आणि त्या कामगाराला कळणाऱ्या भाषेत चालवा. खोट्या हजेरीपटाची भीती रास्त आहे. म्हणून अर्धी रक्कम शेवटी, कामगाराने परीक्षकासमोर स्वतः जॉब सेट करून दाखवल्यावरच सोडा.

याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली तिथे हुन्नर शिकवला जाई, आणि देशी भाषांतून शिकवण्यावर भर असे. संस्थानाला जे जमलं ते राज्याला अवघड नाही.

येत्या अंदाजपत्रकात एकट्या मकरपुऱ्यासाठी वर्षभराचा प्रयोग मंजूर करा. किती टर्नर पॅनेलवर उभे राहिले ते मोजा, आणि आकडा पटला तरच वाघोडिया, नंदेसरीकडे वळा.

आपला,
एक बडोदेकर