एका टिंबाची किंमत

12 ऑक्टोबर 2009 च्या रात्री स्वीडन हा देश इंटरनेटच्या नकाशावरून जवळजवळ पुसला गेला. सर्व्हर चालू होते, केबल शाबूत होत्या, कोणी हल्लाही केला नव्हता. ‘डॉट एसई’ या राष्ट्रीय नामक्षेत्राची यादी तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक चूक राहिली होती, आणि त्यामुळे नोंदींच्या शेवटी असायला हवे ते टिंब पडलेच नाही. सुमारे नऊ लाख नावे निरर्थक झाली. मूळ यादी लवकरच दुरुस्त झाली. पण जगभरच्या सर्व्हरांनी तोवर ती चुकीची माहिती साठवून ठेवली होती, आणि ती विरायला पुढे बराच वेळ गेला.

हा प्रसंग आज भारतात आठवण्याला कारण आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने 2025 साली देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नामक्षेत्रात हलवण्यास सांगितले आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. नावे नोंदवण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपवण्यात आले. ग्राहकाला खरी बँक आणि बनावट बँक यांतील फरक नावावरूनच कळावा, हा हेतू स्तुत्य आहे. या आदेशाच्या कक्षेत मोठ्या व्यापारी बँकांबरोबर सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकाही येतात, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती नव्या नावाची. त्या नावामागे जी साधी मजकूर-फाइल उभी असते, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

त्या फाइलला ‘झोन फाइल’ म्हणतात. इंटरनेटच्या आरंभी सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत, आणि ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. संगणक वाढले तशी ती पद्धत कोलमडू लागली. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही विभागलेली नामप्रणाली मांडली. 1987 साली तिला आजचे प्रमाणित रूप मिळाले. प्रत्येक संस्थेने आपल्या वाट्याच्या नावांची यादी स्वतः ठेवायची आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे, हे तिचे तत्त्व. या यादीत संकेतस्थळाचा पत्ता, टपाल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचे नाव, यादीचा अनुक्रमांक, माहिती किती सेकंद साठवून ठेवावी याची मुदत अशा नोंदी असतात. साध्या एडिटरमध्ये उघडता येईल इतकी ही फाइल साधी असते. धोका तिच्या साधेपणातच आहे.

टिंबाचा नियम पाहा. झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब असेल, तर ते नाव पूर्ण मानले जाते. टिंब नसेल, तर ते अपुरे समजून त्याच्यापुढे क्षेत्राचे नाव आपोआप जोडले जाते. समजा, ‘नमुना.बँक.इन’ या काल्पनिक बँकेच्या फाइलमध्ये टपाल-सर्व्हर म्हणून ‘मेल.नमुना.बँक.इन’ असे लिहिले आणि शेवटचे टिंब राहिले. माणसाच्या डोळ्याला ओळ निर्दोष दिसते. सर्व्हर मात्र ती ‘मेल.नमुना.बँक.इन.नमुना.बँक.इन’ अशी वाचतो. असा सर्व्हर अस्तित्वातच नसतो, आणि बँकेचे टपाल पोहोचेनासे होते. फाइल पुन्हा वाचूनही चूक सापडत नाही. कारण वाचणारा अर्थ वाचतो, अक्षरे वाचत नाही.

म्हणून ही तपासणी यंत्राकडे द्यावी लागते, आणि त्यासाठीचे साधन कित्येक वर्षांपासून विनामूल्य उपलब्ध आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1980 च्या दशकात ‘बाइंड’ हे डीएनएस सॉफ्टवेअर लिहिले. आज इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही संस्था ते सांभाळते. त्याच्याबरोबर दोन छोट्या कमांड मिळतात: ‘नेम्ड-चेकझोन’ आणि ‘नेम्ड-कम्पाइलझोन’. पहिलीला क्षेत्राचे नाव आणि फाइलचे नाव द्यायचे. खरा सर्व्हर फाइल ज्या रीतीने वाचील त्याच रीतीने ती वाचते, व्याकरण तपासते, टपालाची नोंद ज्या यजमानाकडे बोट दाखवते त्याला पत्ता आहे की नाही हे पाहते. सर्व ठीक असेल तर अनुक्रमांक सांगून ‘ओके’ म्हणते आणि शून्य हा निकाल-संकेत परत करते. चूक आढळली तर एक. वरच्या उदाहरणातील दुहेरी नावाला पत्ता नसल्याची तक्रार ती तत्काळ करील. निकाल-संकेतामुळे हे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून ठेवण्याची गरज उरत नाही: संकेत शून्य नसेल तर नवी फाइल सर्व्हरवर चढूच नये, अशी व्यवस्था स्क्रिप्टच्या एका ओळीत करता येते.

दुसरी कमांड फाइलचे रूपांतर करते. मजकूर-रूपातील यादी सर्व्हरला लवकर वाचता येईल अशा द्विमान रूपात नेणे आणि तिथून पुन्हा मजकुरात आणणे, हे तिचे मुख्य काम. तिचे काही निकष पहिलीपेक्षा कडक असतात: यजमानाचे नाव नियमबाह्य असेल तर पहिली कमांड इशारा देऊन पुढे जाते, दुसरी अडवते. पण तिचा सर्वांत मोलाचा उपयोग वेगळाच आहे. तिला पूर्ण शैलीत मजकूर लिहायला सांगितले, तर सर्व संक्षेप उलगडले जातात. प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर, प्रत्येक नाव पूर्ण, शेवटच्या टिंबासह. मग राहिलेले टिंब लपू शकत नाही. दोनदा आलेले क्षेत्रनाम डोळ्यांत भरते. कालची आणि आजची फाइल अशा रीतीने उलगडून शेजारी ठेवल्या, की नेमके काय बदलले तेवढेच उरते. एका नोंदीच्या बदलासाठी फाइल उघडली होती आणि तुलनेत चाळीस ओळी वेगळ्या दिसल्या, तर थांबायला हवे हे कोणालाही कळते. रूपांतर हे केवळ सोयीचे काम नाही. ती तपासणीची दुसरी आणि अधिक सूक्ष्म पायरी आहे.

भारतीय भाषांच्या संदर्भात तर रूपांतराला आणखी वजन येते. ऑगस्ट 2014 मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी नामक्षेत्र खुले झाले. मराठी, हिंदी, कोंकणी यांसारख्या भाषांना आपल्या लिपीत पत्ता मिळाला. पण झोन फाइलमध्ये ‘भारत’ हा शब्द देवनागरीत लिहिला जात नाही. तो प्युनिकोड या पद्धतीने रोमन अक्षरांत बदलला जातो: एक्स, एन, दोन जोडरेघा आणि त्यापुढे एच, 2, बी, आर, जे, 9, सी. हे रूप कोणाच्याही डोळ्याला काही सांगत नाही. एखाद्याने सरळ देवनागरी अक्षरेच फाइलमध्ये लिहिली, तर युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-8 रूपात ‘भारत’चे बारा बाइट होतात, आणि यजमानाच्या पत्त्याच्या नोंदीत असे नाव आल्यास ही साधने ते नियमबाह्य ठरवतात.

मराठीची एक खास अडचण इथे लक्षात घेण्याजोगी आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच संकेत वापरून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन संकेत जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रमाणीकरण न करता रूपांतर केले तर दोन भिन्न नावे तयार होतात. प्रमाण नियमानुसार आधी एकसंकेती रूप करून मगच प्युनिकोड काढायचा असतो. झोन तपासणाऱ्या साधनापर्यंत पोहोचते ते फक्त रोमन रूप; त्यामागे कोणता ‘ऱ’ होता हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ती काळजी आधीच्या पायरीवर घ्यावी लागते, आणि ती मराठी जाणणाऱ्यानेच घ्यायला हवी.

यावरून साधनाच्या मर्यादेचा प्रश्न पुढे येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘ओके’ या उत्तराचा अर्थ ‘फाइल खरी आहे’ असा नसतो. ‘फाइल सुसंगत आहे’ एवढाच असतो. प्रयोगशाळेत काटा स्थिर असणे आणि माप खरे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच हे. पत्त्यातील एक अंक चुकला, पण पत्ता रूपाने वैध राहिला, तर साधन काहीही बोलणार नाही. अनुक्रमांक वाढवायचा राहिला, तर एकच फाइल पाहणाऱ्या साधनाला ते कळत नाही. दुय्यम सर्व्हर मात्र काही बदललेच नाही असे समजून जुनीच माहिती देत राहतात. उलट 2025 च्या जागी 2052 लिहिले गेले, तर पुढचे सर्व योग्य क्रमांक ‘जुने’ ठरतात, आणि ती गाठ सोडवायला अनुक्रमांक दोन टप्प्यांत फिरवून आणावा लागतो. मे 2010 मध्ये जर्मनीच्या ‘डॉट डीई’च्या अनेक सर्व्हरांवर अर्धवट प्रत पोहोचली आणि असंख्य अस्तित्वातील नावे ‘अस्तित्वात नाहीत’ असे उत्तर जाऊ लागले. अशा फाइलमधील उरलेली प्रत्येक ओळ बिनचूक असू शकते. तिथे कालच्या आणि आजच्या नोंदींची संख्या ताडून पाहणेच उपयोगी पडते.

तपासणारे साधनही तपासावे लागते. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या. तिथे झोन फाइलचा दोष नव्हता. पण घातक कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-साधनातच दोष होता आणि त्याने ती अडवली नाही, असे कंपनीनेच नंतर सांगितले. म्हणून अधूनमधून मुद्दाम बिघडवलेली फाइल देऊन साधन ती पकडते का, हे पाहत राहावे. ज्ञात नमुन्यावर उपकरण पारखून घेण्याची ही पद्धत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला परकी नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आता झोन फाइल हाताने लिहितो कोण? क्लाउड सेवेचे पॅनेल असते, आत डेटाबेस असतो, सारे स्वयंचलित असते. आक्षेपात तथ्य आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. स्वीडनमधली चूक हाताने झालेली नव्हती. ती स्क्रिप्टने केली होती, आणि म्हणूनच ती एका नावापुरती न राहता देशभर पसरली. शिवाय एका सेवेकडून दुसरीकडे जाताना, किंवा जुन्या नावावरून नव्या नावावर जाताना, सारी माहिती याच मजकूर-रूपात बाहेर काढली जाते आणि आत घातली जाते. देशभरातल्या बँकांनी ठरावीक मुदतीत केलेले स्थलांतर हे त्याचेच उदाहरण. मुदत जवळ आली की पहिला बळी तपासणीचा जातो, हा सर्व क्षेत्रांतला अनुभव आहे.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. सार्वजनिक सेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती बँक असो, विद्यापीठ असो वा शासकीय खाते, तपासणी आणि उलगडलेली तुलना या दोन पायऱ्या पार केल्याशिवाय कोणतीही झोन फाइल सर्व्हरवर चढणार नाही, असा नियम करावा आणि त्याची नोंद ठेवावी. लहान सहकारी बँकेकडे स्वतंत्र तज्ज्ञ नसतो. तिचे काम बाहेरची संस्था करते. त्या करारात ही अट एका वाक्यात घालता येते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. दुसरी गोष्ट शिक्षणाची. डीएनएस शिकवताना वर्गात झाडासारखी आकृती काढली जाते आणि परीक्षेत तीच उतरवली जाते. त्याऐवजी विद्यार्थ्याला वीस ओळींची, तीन चुका पेरलेली झोन फाइल द्यावी. एक चूक साधन पकडील, दुसरी उलगडलेल्या तुलनेत दिसेल, आणि तिसरी, वैध पण खोट्या पत्त्याची, केवळ विचार केल्यावरच सापडेल. तासाभराच्या या प्रात्यक्षिकातून डीएनएसबरोबर आणखी काही शिकून होईल: यंत्र कुठवर साथ देते, आणि माणसाची जबाबदारी कुठून सुरू होते.

सहकारी बँकेत निवृत्तिवेतनाची चौकशी करायला ॲप उघडणाऱ्या वृद्धाला यातले काहीही ठाऊक नसते. असण्याची गरजही नाही. त्याने फक्त नावावर विश्वास ठेवलेला असतो. तो विश्वास राखण्यासाठी लागणारे साधन कधीचेच तयार आहे आणि फुकट मिळते. उरतो तो फक्त ते रोज, न चुकता, वापरण्याचा निर्धार.