काकडीवाल्याची भाषा

हबीब तन्वीर यांचं ‘आग्रा बाजार’ मी रंगमंचावर पाहिलेलं नाही. या उन्हाळी सुट्टीत वाचलं. वाचताना खूप हसले आणि शेवटी लाजही वाटली. त्या लाजेविषयीच लिहिते.

गोष्ट छोटीशी आहे. १८१० च्या सुमाराचं आग्रा. बाजारात मंदी. काकडी, लाडू, टरबूज, काहीच खपत नाही. एखाद्या शायराने आपल्या काकडीवर नज्म लिहून दिली तर गिऱ्हाईक येईल, असं काकडीवाल्याच्या मनात येतं. तो शायरांची मनधरणी करतो, पण कुणी दाद देत नाही. अखेर नजीर अकबराबादी लिहून देतात आणि काकडी हातोहात खपते.

बाजारात समोरासमोर दोन दुकानं आहेत. पुस्तकवाल्याकडे शायर आणि जाणकार बसून भाषेची चर्चा करतात. नजीर त्यांच्या लेखी बाजारू. पतंगवाल्याकडे मात्र नजीरच्या ओळी लोकांना तोंडपाठ. नजीर स्वतः संपूर्ण नाटकात एकदाही येत नाहीत, त्यांच्या नज्मा तेवढ्या फकिरांच्या आणि फेरीवाल्यांच्या तोंडून येत राहतात. रोटीवर, होळीवर, कन्हैयाच्या बाळपणावर लिहिणारा हा शायर पोटासाठी मुलांना शिकवायचा. म्हणजे आमच्याच पेशातला.

तिथे मला सहावीतली एक मुलगी आठवली. तिचे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. तिने उर्दूच्या निबंधात लिहिलं होतं, ‘अब्बा बाजारकू गए.’ मी ‘कू’वर लाल रेघ मारली. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण ‘ही बाजारू जुबान घरी ठेवून ये,’ असंही सगळ्यांसमोर म्हणाले. वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने हात वर करणं सोडलं.

मी पुस्तकवाल्याच्या दुकानात बसले होते!

आपल्या घरातल्या दखनीत ‘नक्को’ आहे, जोर देणारा ‘च’ आहे. दोन्ही मराठीकडून आलेले. या मातीत शेकडो वर्षं राहिल्याची ती खूण. पण शाळेत काय होतं? एका तासाला मुलाची उर्दू अशुद्ध, पुढच्या तासाला मराठी अशुद्ध. मग त्या लेकराने बोलायचं तरी कोणत्या भाषेत?

तन्वीरांनी १९५४ साली हे नाटक दिल्लीत जामिया मिल्लियाचे विद्यार्थी आणि शेजारच्या ओखला गावातली माणसं घेऊन बसवलं. पुढे छत्तीसगढच्या लोककलावंतांकडून ते आधी हिंदी बोलवून घेत. नट अवघडत. आपली चूक लक्षात आल्यावर त्यांनी त्यांना छत्तीसगढीतच बोलू दिलं आणि तीच माणसं रंगमंचावर मोकळी झाली.

कुणी म्हणेल, परीक्षेत ‘कू’ चालत नाही. खरं आहे. ‘को’ मी शिकवणारच, कारण पुढे नोकरीच्या अर्जातही तोच लागतो. पण ‘को’ शिकवण्यासाठी ‘कू’ बोलणाऱ्या आईबापाची लाज वाटायला लावण्याची गरज नव्हती.

जूनमध्ये पहिला गृहपाठ ठरवलाय: आपल्या गल्लीतल्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या जशा ऐकू येतात तशाच लिहून आणा. त्या वहीवर लाल पेन चालणार नाही. आणि पहिली आरोळी वाचायला मी त्या मुलीलाच सांगणार आहे. तिने हात वर केला तर.