पुण्याचा पैसा, ब्लॅकबर्नचा राग

7 मे 2012. इंग्लंडमधल्या इवुड पार्कवर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन यांचा फुटबॉल सामना चालू असताना कोणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पाठीवर क्लबच्या रंगाचं फडकं. ब्लॅकबर्न तो सामना 0-1 असा हरला आणि प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला. कोंबडीचा रोख थेट पुण्याकडे होता.

क्लबचे मालक वेंकीज, म्हणजे पुण्याचा कुक्कुटपालनातला बडा उद्योगसमूह. नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांनी साधारण 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब घेतला. महिनाभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलरडाइस यांना घरी पाठवलं. रोनाल्डिन्होला आणण्याच्या गप्पा झाल्या. प्रत्यक्षात काय दिसलं, तर ड्रेसिंग रूममध्ये चिकनवर ताव मारणाऱ्या खेळाडूंची जाहिरात! पुढे हेनिंग बर्ग प्रशिक्षक झाले ते 57 दिवसांपुरते. 2017 मध्ये क्लब तिसऱ्या स्तरावर घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर अशी पाळी पहिल्यांदाच आली. वर्षभरात तो दुसऱ्या स्तरावर परतला, एवढाच दिलासा.

गावाला हे इतकं का लागलं? क्लब 1875 चा. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांतला एक. गाव कापडगिरण्यांचं, इथलं कापड हिंदुस्थानात खपायचं. विदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला गांधीजी 1931 मध्ये शेजारच्या डार्वेनला गेले होते. गिरण्या गेल्या, क्लब उरला. 1991 मध्ये गावचाच पोलाद व्यापारी जॅक वॉकर याने तो हाती घेतला, स्ट्रायकर ॲलन शिअररला आणलं आणि 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकून दाखवली. वॉकरही राहायचा दूर जर्सी बेटावर. तरी गाव त्याला आपला मानायचं.

म्हणजे खोट अंतरात नाही, पैशातही नाही. वेंकीजने तोटा वर्षानुवर्षं भरून काढला, हे त्यांचे टीकाकारही नाकारत नाहीत. जवळच्याच बरी गावचा 1885 चा क्लब एका मालकाने एका पौंडाला घेतला आणि 2019 मध्ये तो लीगमधून हाकलला गेला. ती वेळ ब्लॅकबर्नवर आली नाही. पण मुंबईच्या चाकरमान्याने कोकणातल्या घरी मनिऑर्डर धाडावी आणि गणपतीलाही फिरकू नये, तसा हा कारभार. मालक मैदानावर क्वचित दिसले, बोलले त्याहून कमी.

नाशिकच्या हरसूल पट्ट्यातल्या वाचकाला वेगळाच प्रश्न पडेल. वेंकीजने क्लब घेतला त्याच नोव्हेंबर 2010 मध्ये या पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य जिंकलं होतं. ब्लॅकबर्नला गेलेला पैसा इथल्या मैदानांना का मिळू नये? प्रश्न रास्त वाटतो, पण खासगी कंपनीने पैसा कुठे लावावा हे आपण ठरवू शकत नाही. क्लब विकत घेतला की त्याच्या माणसांना उत्तर देणं मात्र आलं.

इंग्लंडमध्ये ते आता कायद्यातच आलं आहे. 2025 च्या फुटबॉल कारभार कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला. समर्थकांशी नियमित सल्लामसलत करणं क्लबना बंधनकारक होतं आहे. बोधचिन्ह किंवा घरच्या मैदानावरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तरी त्यांचा पाठिंबा लागेल. ही अट पुण्याच्या मालकांनाही लागू आहे.