महाविद्यालय निवडण्यापूर्वी वॉर्ड पाहा

माण-खटावच्या अथवा जत-आटपाडीच्या कोरडवाहू टापूतील एखादी मुलगी जी.एन.एम.चा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पुरा करते, नर्सिंग कौन्सिलच्या दफ्तरी तिच्या नावाची नोंद होते, आणि लगेच नोकरी धरावी की आणखी दोन वर्षे घालवून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची पदवी संपादन करावी हा प्रश्न घरात निघतो, तेव्हा वडीलधारी मंडळी प्रथम विचार करतात तो फीचा, मग एस.टी.च्या सोयीचा आणि शेवटी वसतिगृहाचा. हे तिन्ही विचार रास्त आहेत. परंतु ज्या रुग्णालयात ही मुलगी शिकणार, तेथील वॉर्डात रोगी किती असतात, ही चौकशी मात्र बहुधा कोणी करीत नाही.

पदवी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पदविकेवर अधिपरिचारिकेची नोकरी मिळते हे खरे. पण पाठ्यनिर्देशिका होऊन पुढच्या पिढीला शिकवावे किंवा एम.एस्सी. करावी, अशी आकांक्षा असेल तर पदवीवाचून गत्यंतर नाही. प्रश्न उरतो तो ही पदवी कोठे घ्यावी याचा.

या बाबतीत सातारा-सांगलीचा मुलूख दरिद्री नाही. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने निवर्तल्या, आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९४ साली, डॉ. वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले होते. पुढे १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले; आज कराडचे कृष्णा आणि सांगलीचे भारती विद्यापीठ यांच्याकडेही परिचर्येचे शिक्षण मिळते. करुणा सावित्रीबाईंसारख्यांच्या ठायी उपजत असेल, परंतु कौशल्य उपजत नसते. ते रोग्याच्या उशाशी उभे राहूनच अंगी बाणवावे लागते.

गेल्या पावसाळ्यात एका आप्ताच्या आजारपणामुळे मिरजेच्या एका वॉर्डात मी रात्र काढली. दोनच्या सुमारास एक विद्यार्थिनी शेजारच्या म्हाताऱ्याच्या सलाईनचे थेंब मनगटावरील घड्याळाच्या सेकंदकाट्याशी ताडून पाहत होती. मध्येच तिची नजर त्याच्या पायांकडे वळली, तिने घोट्याजवळ अंगठा दाबून धरला, काढला, आणि तेथे पडलेला खळगा भरून येत नाही असे पाहताच ती झपाझप सिस्टरांना बोलावून घेऊन आली. सूज कशी तपासावी हे पुस्तकात असते, परंतु थेंब मोजत असतानाही पायांकडे पाहावे, ही सवय रोगी पाहून पाहूनच लागते. उलट, माझ्या परिचयातील एका मुलीला जेथे प्रवेश मिळाला, तेथे इमारत देखणी आणि प्रयोगशाळा चकचकीत होती, मात्र वॉर्डातील बहुतेक खाटा रिकाम्या. दोन वर्षे तिने सराव केला तो पुतळ्यावर.

म्हणून पालकांस माझी विनंती अशी की, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मंजुरी आहे काय, आणि ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की एखाद्या अभिमत विद्यापीठाची आहे, याची कागदोपत्री खातरजमा करावी. त्यानंतर मुलीला बरोबर घेऊन एखाद्या सकाळी रुग्णालयात जावे, परवानगी घेऊन वॉर्ड पाहावा, किती खाटांवर रोगी आहेत ते स्वतः मोजावे, आणि तेथील विद्यार्थिनींना एकच प्रश्न विचारावा: काम करताना तुमच्या शेजारी उभे राहून चूक दाखवणारे कोणी असते काय? शिकवणारे कोणीच नसून केवळ मनुष्यबळ म्हणून मुलींना राबवून घेतले जात असेल, तर भरलेल्या खाटांचाही उपयोग नाही.

फी चार पैसे अधिक पडली, एस.टी. एकदा बदलावी लागली, तरी सोसावे. कारण उद्या या मुलीच्या हाती जो रोगी सोपविला जाईल, तो तिचे प्रमाणपत्र पाहणार नाही. त्याची भिस्त असेल ती अपरात्री त्याच्या सुजलेल्या पायांकडे जाणाऱ्या तिच्या नजरेवर.